मकबऱ्याला मकबरा म्हणा : पर्यटनस्थळांची जाहिरात लिहिणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
पर्यटनस्थळांची माहितीपत्रके, फलक, जाहिराती आणि चित्रफिती तयार करणारी सर्व मंडळी,

सादर नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगर येथे राहते. शाळेत तीसहून अधिक वर्षे मराठी शिकवून आता निवृत्त झाले आहे. आमच्या शहरात घर असलेल्या प्रत्येकाकडे एक काम न मागता येते, ते म्हणजे आल्यागेल्याला गाव दाखवण्याचे. सकाळी लवकर निघून वेरूळ, परतताना दौलताबादचा किल्ला आणि उन्हे कलल्यावर बीबी का मकबरा, हा आमच्या घरचा ठरलेला क्रम आहे. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी मला काही बोलावे लागत नाही. कैलास लेण्यासमोर बोलकी माणसेही गप्प होतात आणि दौलताबादच्या अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून बाहेर पडलेली मुले पुन्हा आत जाऊ या म्हणून हट्ट धरतात. मकबऱ्याच्या मोठ्या दरवाज्यातून आत आल्यावर मात्र पाहुणे नागपूरचे असोत, सांगलीचे असोत की बडोद्याचे, त्यांचे पहिले वाक्य एकच असते : “हाच का तो?” त्यानंतर हौदाच्या कडेने चालत जाणे, चबुतऱ्यावर चढणे, पाठीमागे घुमट येईल असा फोटो काढणे आणि परत फिरणे हे सगळे अर्ध्या तासात आटोपते.

पुष्कळ वर्षे मी मनातल्या मनात पाहुण्यांनाच दोष देत आले. यांना नजर नाही, असे वाटे. पुढे कधीतरी लक्षात आले की ही माणसे दोन तासांपूर्वी वेरूळला खांबावरचे नक्षीकाम बोट दाखवून एकमेकांना सांगत होती, म्हणजे नजर तर होती. ती या वास्तूपर्यंत पोहोचतच नव्हती, कारण मध्ये दुसरी एक वास्तू उभी होती. “दख्खनचा ताज”, “मिनी ताजमहाल” हे शब्द त्यांनी घरून निघण्यापूर्वीच वाचले होते, आणि दरवाज्यातून आत आल्यावर ते त्या आग्ऱ्याच्या इमारतीलाच शोधत होते. ती येथे नाही, एवढाच शोध घेऊन ते परत जात होते. हे शब्द आपण लिहिलेले आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला.

माझा विषय भाषा असल्यामुळे तक्रारही भाषेच्याच अंगाने मांडते. आठवी-नववीच्या वर्गात उपमा अलंकार शिकवताना आम्ही त्याची चार अंगे सांगतो : उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते), उपमान (ज्याची उपमा द्यायची ते), साधारण धर्म (दोहोंतला सारखा गुण) आणि साम्यवाचक शब्द. मुले पहिली दोन आणि शेवटचे अंग चटकन ओळखतात आणि साधारण धर्मापाशी अडखळतात. “तिचा चेहरा चंद्रासारखा आहे” असे लिहिणाऱ्या मुलाला मी विचारत असे, कशाने? गोल म्हणून, शीतल म्हणून की डागाळलेला म्हणून? उत्तर आले नाही तर अर्धा गुण कापला जाई. आपल्या माहितीपत्रकांतील बहुतेक उपमा या अर्ध्या गुणाच्या आहेत. “महाराष्ट्राचे चेरापुंजी”, “मिनी काश्मीर”, “मिनी स्वित्झर्लंड”, “महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स”, “विदर्भाचे नंदनवन” यांत उपमान तेवढे झगझगीत असते आणि साधारण धर्म वाचकाने आपल्या खर्चाने, गाडीभाडे भरून, जागेवर जाऊन शोधायचा असतो. तो सापडला नाही की त्या ठिकाणावर “विशेष काही नाही” असा शिक्का बसतो आणि तो पुढे नातेवाइकांत वर्षानुवर्षे फिरत राहतो.

मकबऱ्याच्या बाबतीत तर विनोदच आहे. ज्याची तुलना केवळ त्याच्या स्वतःशीच होऊ शकते अशा उपमेयाचे वर्णन असेल तर त्याला अनन्वय अलंकार म्हणतात, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत अनन्वयाचे उदाहरण म्हणून पिढ्यान्पिढ्या दिला जातो तो ताजमहालच. ज्याला दुसरी जोड नाही हे शाळेत पाठ करून घेतले, त्याचीच जोड म्हणून आपण दुसरी एक वास्तू लोकांपुढे उभी करता. अशी वास्तू कोणत्या तोंडाने जिंकणार?

आता ही वास्तू खरोखर काय आहे ते सांगते, कारण आपल्या पत्रकांत ते सहसा नसते. दिलरास बानू बेगम ही औरंगजेबाची पहिली पत्नी. तिला मरणोत्तर राबिया-उद-दौरानी म्हटले गेले. १६५७ च्या सप्टेंबरात तिने मुलाला जन्म दिला आणि महिनाभराच्या आत याच शहरात तिचा अंत झाला. तिची सासू मुमताज महल हीदेखील बाळंतपणातच, १६३१ साली बऱ्हाणपूरला गेली होती. दिलरासचे लग्न १६३७ चे, म्हणजे सून घरात आली तेव्हा सासूला जाऊन सहा वर्षे झाली होती. आग्रा आणि औरंगाबाद येथील या दोन इमारतींमध्ये खरे नाते शोधायचे असेल तर ते मला प्रथम येथे दिसते, घुमटांच्या आकारात नंतर. माहितीपत्रके सांगतात की दिलरासचा आधीचा मुलगा आझमशाह याने आईसाठी मकबरा बांधला. वाक्य गोड आहे, पण आझमशाहाचा जन्म १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि १६६०-६१ च्या सुमारास इमारत उभी राहिली तेव्हा सात-आठ वर्षांचा. म्हणून अनेक अभ्यासक मूळ बांधकाम औरंगजेबाच्याच आज्ञेने झाले आणि आझमशाहाने पुढे दुरुस्ती केली असे मानतात. “शहाजहानने पत्नीसाठी, नातवाने आईसाठी” अशी जोडी लावण्याच्या मोहात आपण चार वर्षांच्या पोराच्या हाती ओळंबा दिला.

इमारतीचा आराखडा करणारा अताउल्ला हा ताजमहालाचे शिल्पकार मानल्या गेलेल्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. हंसपतराय हा येथील अभियंता. एका जुन्या तवारिखेत खर्चाचा आकडा आण्यापर्यंत नोंदलेला आहे : ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजमहालाचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख रुपये सांगितला जातो. म्हणजे बापाच्या इमारतीला जेवढे पैसे मिळाले त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपासच्या रकमेत मुलाला तसाच डौल उभा करायचा होता. पैसे नसताना हा माणूस काय करतो, हे पाहण्यासाठी मकबऱ्यात जायचे असते. चबुतऱ्यावर उभे राहून भिंतीकडे पाहिले की खालचा पट्टा संगमरवरी दिसतो. साधारण कमरेच्या वर गेले की संगमरवर संपतो आणि तेथून घुमटाच्या तळापर्यंत आपल्या डोंगरांत मिळणारा काळा दगड आहे. त्याच्यावर चुन्याचा घोटीव गिलावा आणि त्या गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी आहे. घुमट पुन्हा संगमरवराचा. हा संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून यायचा. तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सुरतेहून गोवळकोंड्याला जात असताना त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या वाटेत भेटल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

तीनशे गाड्या आणि बारा बैल एवढेच जरी आपण पत्रकावर छापले असते, तरी माझ्या पाहुण्यांपैकी निदान मुलांनी दगड कुठवर आहे आणि चुना कुठून सुरू होतो ते शोधले असते.

मला स्वतःला ही भिंत दिसली ती आमच्या घराचे काम करणाऱ्या मिस्त्रींमुळे. वरचा मजला बांधायला काढला होता, त्या दिवसांत एका सुट्टीला ते आणि त्यांची दोन मुले आमच्याबरोबर आली. तोपर्यंत मी मकबरा वीसएक वेळा पाहिला असेन. मिस्त्री घुमटाकडे पाहीनात. ते भिंतीच्या एका कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले, मान तिरकी करून उन्हाच्या रेषेत पृष्ठभाग पाहू लागले, आणि बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, दगड काय, घासला की चकाकतो. चुना असा घोटायचा म्हणजे हाताचं काम आहे.” जुन्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे काय काय पडत असे, तो किती दिवस भिजत ठेवत, थर ओला असतानाच नक्षी कशी काढावी लागते आणि हात चुकला तर थर खरवडून पुन्हा कसा चढवावा लागतो, हे सगळे त्यांनी मुलांना सांगितले. त्या दिवशी आम्ही दोन तास आत होतो. मिस्त्रींनी आपली पत्रके वाचलेली नव्हती, आणि ताजमहाल त्यांनी पाहिलेला नव्हता.

आतल्या कबरीबद्दलही तेच. वरच्या पातळीची जमीन मध्यभागी मोकळी सोडलेली आहे आणि अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आतून कबर आपल्याला खाली वाकून पाहावी लागते. प्रकाश जाळ्यांतून गाळून आत येतो. ही रचना वेगळी आहे आणि मला तरी ती अधिक हळवी वाटते, पण “तिथल्यासारखी नाही” म्हणून पाहुणे खाली नाणी टाकतात आणि निघतात. मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर टेकडीत औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यात वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांच्या मधोमध नाचणारी एक बाई कोरलेली आहे. तिच्यासाठी रिक्षा थांबवा म्हटले की “आता पुरे, सगळी लेणी सारखीच” असे उत्तर मिळते. ताज नाही म्हणून मकबरा नाही, आणि अजिंठा नाही म्हणून ही लेणी नाहीत.

उपमेइतकाच दुसरा रोग अतिशयोक्तीचा आहे, पण तो मला कमी घातक वाटतो, कारण तो निदान मोजून तपासता येतो. पाचगणीचे टेबललँड “आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार” असल्याचे मी सहलीच्या पत्रकांत इतक्यांदा वाचले आहे की मुलांना तो भूगोलातला धडा वाटू लागला. ते पठार शंभर एकरांच्या आसपासचे आहे. त्याच सातारा जिल्ह्यातले कासचे पठार सुमारे एक हजार हेक्टरांचे, म्हणजे जवळजवळ अडीच हजार एकरांचे आहे. आशिया राहू द्या, तिबेट राहू द्या, ज्या दख्खनच्या पठारावर बसून आपण हे वाक्य छापतो ते तरी मोजायचे होते. लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीतल्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची लिहिलेली असे आणि जगातला सर्वांत उंच मोटररस्ता अशी त्या जागेची ख्याती होती. उपकरणे लावून मोजल्यावर ती उंची १७,६०० फुटांच्याही थोडी खाली भरली. साडेसतरा हजार फुटांवर श्वास लागलेल्या माणसाला वरच्या आठशे फुटांची काय गरज होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. असो. आकडा दुरुस्त झाला की प्रश्न मिटतो. उपमा दुरुस्त करता येत नाही, ती काढूनच टाकावी लागते.

कासचा उल्लेख केलाच आहे तर त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण तेथे उपमेबरोबर वेळेचीही फसवणूक झाली. आम्ही सात-आठ निवृत्त शिक्षिका एका प्रवासी कंपनीच्या सहलीने दिवाळीच्या सुट्टीत तेथे गेलो. पत्रकावर “महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स” असे शब्द होते आणि क्षितिजापर्यंत निळे-जांभळे झालेले पठार होते. समोर सुकत चाललेले गवत, उघडा पडलेला जांभा आणि रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसे विकणारी माणसे होती. आमच्यातल्या एकीने छायाचित्र समोर धरून विचारले की हे नेमके कुठे आहे, तेव्हा सहलीबरोबरच्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, हे असं दरवर्षी नसतं.” पुढे जाणकारांकडून कळले की छायाचित्र टोपली कारवीच्या बहराचे असणार. ही झुडपे साधारण सात वर्षांतून एकदा एकदम फुलतात. सात वर्षांतला एक आठवडा छापून उरलेल्या सगळ्या वर्षांची तिकिटे विकायची, याला धंदा म्हणत असतील तर म्हणोत, मी त्याला खोटी साक्ष म्हणेन.

दोन वर्षांनी मी सप्टेंबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका मैत्रिणीला घेऊन पुन्हा गेले. पहिला तासभर धुक्यामुळे हाताला हात दिसत नव्हता. नंतर जे दिसले ते पाहायला तिने मला गुडघ्यांवर बसवले. हिमालयातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या आसपास, बर्फ वितळल्यानंतर दाट वाढणाऱ्या झाडोऱ्याची आहे. कास त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या उंचीवर, जांभ्याच्या कातळावर, बोटाच्या पेराएवढ्या मातीवर जगणारी बाग आहे. माती कमी म्हणून झाडे लहान, आणि अन्न कमी म्हणून त्यांच्यातली काही चक्क किडे खातात. सीतेची आसवे हे ज्या निळ्या-जांभळ्या नाजूक फुलांचे नाव, त्यांच्या मुळांशी ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जातात. एवढे काव्यमय नाव आणि असा पोटापाण्याचा उद्योग, हे ऐकून मी मोठ्याने हसले. गेंदाची पांढरी बोंडे, तेरड्याचा गुलाबी पट्टा, तळ्यातली कुमुदिनी हे सगळे उभ्याने पाहिले तर रंगाचा फिकट डाग आहे आणि वाकून पाहिले तर दिवस पुरत नाही. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटले त्यांत कास आहे, ते या कातळाच्या करामतीसाठी. आपण लोकांना “गालिचा” सांगितला. गालिचा म्हटल्यावर माणूस त्याच्यावर बसणारच, लोळणारच, फोटो काढणारच. मग कुंपणे, रखवालदार आणि दिवसाला किती जणांना सोडायचे याची मर्यादा आली. तुडवल्या गेलेल्या त्या फुलांची जबाबदारी थोडीशी त्या एका शब्दावरही आहे, असे मला वाटते.

आंबोलीबद्दल थोडक्यात लिहिते. “महाराष्ट्राचे चेरापुंजी” वाचून जुलैच्या रविवारी हजारो माणसे घाटातल्या एकाच धबधब्याखाली रांग लावतात, चार तास गाड्यांत बसून ओले होऊन परततात आणि “गर्दीच फार” असे सांगतात. खुद्द चेरापुंजीला हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ लागते, हा साधारण धर्म मात्र आपल्याला अभिप्रेत नसावा. आंबोलीचे स्वतःचे म्हणावे असे काय आहे? केवळ तिच्याच परिसरात सापडणारा भेक जातीचा एक बेडूक आहे, ज्याची शास्त्रीय ओळख २००९ साली झाली. हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेला आणि त्या नदीचेच नाव मिळालेला एक छोटा मासा आहे. त्याच्यासाठी ती जागा २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ घोषित झाली. रात्री विजेरी घेऊन बेडूक पाहायला घेऊन जाणारी स्थानिक मुले तेथे आहेत. आपल्या पत्रकांत मला बेडूक कधी दिसला नाही.

महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याचे “मिनी काश्मीर” मला सर्वांत जास्त खुपते. बोटीत बसवून ज्या निळ्या पाण्याचे कौतुक दाखवले जाते तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. त्या पाण्याखाली गावे, देवळे आणि भातखाचरे आहेत, आणि तेथून उठवलेल्या माणसांची नातवंडे आज कुठल्या कुठल्या वसाहतींत राहतात. पर्यटकाला ही गोष्ट सांगितली तर त्याची सहल बिघडेल, असे आपल्याला वाटत असेल. माझा अनुभव उलट आहे. ज्या नावाड्याने आम्हाला “हितं खाली आमचं गाव” असे सांगितले, त्याच्या बोटीतले कोणीही त्या दिवशी “विशेष काही नाही” म्हणाले नाही.

आपण काय म्हणाल याची मला कल्पना आहे. अनोळखी नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, ओळखीच्या नावाचा आधार द्यावा लागतो, लोक आल्याशिवाय रिक्षावाल्यांना, खानावळींना, वाटाड्यांना काम मिळत नाही. हे सगळे मी मान्य करते. ज्या शहरात पर्यटकांवर हजारो घरे चालतात तेथेच मी राहते. तुलना करूच नये असेही माझे म्हणणे नाही. मकबऱ्याविषयी बोलताना ताजमहालाचे नाव येणारच, कारण आराखड्याचे नाते बाप-लेकाचे आहे. पण ते नाव दुसऱ्या परिच्छेदात यावे, माहिती म्हणून यावे आणि दोहोंत फरक काय ते सांगत यावे. वर्गात आम्ही त्याला व्यतिरेकाच्या, म्हणजे उपमेय उपमानाहून वेगळे आणि सरस दाखवणाऱ्या अलंकाराच्या, वाटेने जाणे म्हणू. शीर्षकात ते आले की वास्तू जन्मतःच दुय्यम ठरते. रोजगाराचे म्हणाल, तर अर्ध्या तासात मकबरा उरकणारा पाहुणा मुक्काम वाढवत नाही, इथल्या हिमरू कापडाच्या दुकानात शिरत नाही, लेण्यांकडे जाणारी रिक्षा करत नाही आणि घरी जाऊन इतरांना “वेरूळ करून परत या” असा सल्ला देतो. मिस्त्रींसारखा दोन तास थांबणारा माणूस चहा तरी पितो.

यासाठी माझ्या विनंत्या फार नाहीत, आणि त्यांना निधी लागणार नाही. पत्रकावर छापलेल्या प्रत्येक छायाचित्राखाली ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी काढले ते लिहावे. कासच्या बाबतीत एवढ्यानेच निम्म्या लोकांची निराशा टळेल. धबधब्यांच्या बाबतीत तर ते अगत्याचे आहे, कारण धरणांखालच्या धबधब्यांचे पाणी पावसाइतकेच धरणाच्या दरवाज्यांवर अवलंबून असते. भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल पाणी सोडलेले नसेल तर नुसता खडक असतो. शरावतीवर लिंगनमक्की धरण झाल्यापासून २५३ मीटर उंचीचा जोगसुद्धा उन्हाळ्यात बारीक धारेवर येतो, आणि एप्रिलच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलेले पालक कड्याकडे पाहून त्याची पावसाळ्यातली छायाचित्रे विकत घेतात. जेथे “सर्वांत मोठे”, “दुसऱ्या क्रमांकाचे” असे काही लिहायचे असेल तेथे कोणी मोजले ते लिहावे, आणि लिहिता येत नसेल तर वाक्य गाळावे. पाहायला किती वेळ लागतो, ऊन कोणत्या बाजूने येते, उभ्याने पाहायचे की वाकून, ही माहिती द्यावी. ती स्थानिक वाटाड्यांना तोंडपाठ असते आणि आपल्याला फक्त त्यांच्याजवळ बसावे लागेल. आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल पहिले वाक्य असे लिहावे की त्यात दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाचे नाव नसेल. हा गृहपाठ मी आठवीच्या मुलांना आपल्या गावाविषयी देत असे. पहिल्या खेपेला सगळ्यांचे चुकते, कारण उसने नाव हाताशी असते आणि आपले शोधावे लागते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुलांना ते जमते, त्यामुळे आपल्यालाही जमेल.

पुढच्या महिन्यात माझ्या नणंदेच्या घरची मंडळी पुण्याहून येत आहेत. बरोबर दहा आणि तेरा वर्षांची दोन मुले आहेत. या वेळी क्रम बदलायचे ठरवले आहे. आधी औरंगाबाद लेणी, मग चार वाजता मकबरा. आत शिरताच मुलांना भिंतीला हात न लावता संगमरवर कुठे संपतो ते शोधायला सांगणार आहे आणि बारा बैलांच्या गाड्यांची गोष्ट चबुतऱ्यावर पोहोचल्यावर सांगणार आहे. आमचे मिस्त्री आता थकले आहेत, पण येतो म्हणाले आहेत. गाडीत बसताना आपले एखादे पत्रक त्या मुलांच्या हाती पडले नाही, म्हणजे मिळवले.

कळावे.

आपली,
छत्रपती संभाजीनगर येथील एक निवृत्त शिक्षिका